जीएसटी बदलला त्या रात्री सर्व्हर बंद केला नाही, त्याची गोष्ट

दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या आयटी विभागातल्या लोकांसाठी हे लिहितेय. मोठ्या कंपन्यांत अशा कामाला वेगळी टीम असते आणि हातात पैसाही असतो. आमच्याकडे सर, मी आणि नुकताच कामाला लागलेला एक मुलगा, एवढंच मनुष्यबळ. तरी २१ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जुन्या दराचं शेवटचं बिल आणि नव्या दराचं पहिलं बिल यांच्यामध्ये सर्व्हर बंद करावा लागला नाही. ते कसं जमलं, कुठे अडलं आणि काय खर्च आला, ते तारखेच्या क्रमानं सांगते.

आधी आमचा पसारा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कंपनीची किराणा आणि कपड्यांची दुकानं आहेत, आणि एका हॉस्पिटलला लागून चोवीस तास चालणारं मेडिकल. सगळ्यांची बिलं एका मध्यवर्ती सर्व्हरला विचारून होतात. काउंटर वस्तू आणि नग कळवतो, सर्व्हर किंमत, सूट आणि कर ठरवून परत पाठवतो. हे ठरवणारे नियम जावातल्या ड्रूल्स नावाच्या रूल इंजिनमध्ये लिहिलेले: सभासद असेल आणि खरेदी हजाराच्या वर असेल तर अमुक टक्के सूट, वगैरे. पण नियमांची फाइल प्रोग्रॅमच्या पोटातच बांधलेली होती. त्यामुळे अर्धा टक्का बदलायचा तरी नवीन जार (जावा प्रोग्रॅमची बांधलेली फाइल) बांधा, सर्व्हर बंद करा, पुन्हा चालू करा. त्यात पाचेक मिनिटं जायची आणि नंतरची पहिली काही बिलं रखडायची. रात्री अकरानंतर हे उरकायचं आणि मेडिकलला आधी फोन करून तेवढ्यापुरती बिलं वहीत लिहायला सांगायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

३ सप्टेंबर, बुधवार. घरचे गणपती आदल्याच दिवशी गौरींबरोबर गेले होते. त्या रात्री जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीचे निर्णय जाहीर झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार, मुख्य दर ५ आणि १८ राहणार, काही मोजक्या वस्तूंना ४०. लागू होणार २२ सप्टेंबर, सोमवारपासून. म्हणजे नेमकी घटस्थापना. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा प्रश्न एकच होता, “घटाच्या दिवशी दुकान उघडताना बिल बरोबर निघंल का?”

सरांचा पहिला बेत सरळ होता. २१ च्या रात्री बारा वाजता दहा मिनिटं सर्व्हर बंद ठेवायचा, दर बदलायचे, चालू करायचा. मेडिकलच्या फार्मासिस्ट ताईंनी तो एका वाक्यात मोडला: “बारा ते बारा-दहा पेशंट येणार नाही, असं लिहून देताय काय?” औषधांवरचा दरही १२ वरून ५ वर येणार होता, काहींवर शून्य. त्यामुळे त्या दहा मिनिटांत वहीत लिहिलेल्या बिलाला कुठला दर लावायचा हाही प्रश्न होता. मला वेगळीच भीती होती. नव्या दरात काही चुकलं तर मागे फिरायला पुन्हा सर्व्हर बंद करावा लागणार, आणि तोही घटस्थापनेच्या सकाळच्या गर्दीत. म्हणून नियम प्रोग्रॅमच्या बाहेर काढायचे आणि चालत्या सर्व्हरमध्ये बदलता येतील असं करायचं, हे त्याच आठवड्यात ठरलं.

ड्रूल्समध्ये याची सोय पूर्वीपासून आहे. २०१३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून नियमांची स्वतंत्र जार बांधता येते, तिला के-जार म्हणतात. तिला मेव्हनचा (जार बांधून साठवणाऱ्या साधनाचा) आवृत्ती क्रमांक असतो आणि प्रोग्रॅम चालू असतानाच तिच्यातून काई-कंटेनर, म्हणजे त्या आवृत्तीच्या नियमांचा वापरायला तयार संच, बनवता येतो. काई-स्कॅनर नावाचा पहारेकरीही मिळतो. तो दर काही सेकंदांनी मेव्हनच्या कोठारात नवी आवृत्ती आली का पाहतो आणि आली की आपोआप उचलतो. वाचायला फार छान वाटतं. आम्ही तो घेतला नाही. कोणीतरी चुकून अर्धवट जार कोठारात टाकली तर पहारेकरी तीही प्रामाणिकपणे उचलणार, आणि पैशाच्या व्यवहारात बदल कधी होतोय हे माणसानं ठरवलेलं बरं.

दुसरा मार्ग म्हणजे चालू कंटेनरलाच नव्या आवृत्तीवर ये म्हणून सांगणं. त्यातली गोम अशी, की चालू असलेल्या सेशनचे, म्हणजे इंजिनात सुरू असलेल्या हिशेबाचे, नियमही त्याच क्षणी बदलतात. बिलातल्या पहिल्या चार वस्तू जुन्या नियमांनी आणि पुढच्या तीन नव्या नियमांनी, असं होऊ शकतं. म्हणून आम्ही जुन्या कंटेनरला हातच लावला नाही. शेजारी नवा पूर्ण कंटेनर उभा करायचा. त्याच्यावर नमुन्याची बिलं चालवून बघायची. त्यात एक फायदाही होतो, इंजिन गरम होतं आणि पहिलं खरं बिल रखडत नाही. सगळं जुळलं तर ‘सध्याचा कंटेनर कुठला’ हे सांगणारा एक संदर्भ फक्त बदलायचा. जावात त्याला ॲटॉमिक रेफरन्स पुरतो. जे बिल सुरू झालंय ते सुरुवातीला धरलेल्या कंटेनरवरच पूर्ण होतं, पुढचं बिल नव्यावर जातं. जुन्यावरची बिलं संपली की तो मोकळा करायचा. आणि प्रत्येक बिलावर नियमांचा आवृत्ती क्रमांक छापायचा. हे शेवटचं कितीही घाई असली तरी सोडू नका, नंतर तक्रार आली की पहिला उपयोग त्याचाच होतो.

ही सोय सर्व्हरमध्ये घालायला मात्र एकदा सर्व्हर बंद करणं भाग होतं! त्यावर इलाज म्हणून दुसरा सर्व्हर महिनाभर भाड्यानं घेतला, साधारण चार हजार रुपये. मंजुरीचा कागद मात्र अकाउंट्स, खरेदी आणि मालक अशा तीन टेबलांवरून फिरला आणि गणपतीच्या सुट्ट्यांमुळे अनंत चतुर्दशी उलटून गेल्यावरच हातात आला. समोर काउंटरच्या विचारणा सर्व्हरकडे वाटून देणारा एनजिनएक्स हा प्रोग्रॅम होताच. त्याच्या यादीतून एक सर्व्हर काढायचा आणि कॉन्फिगरेशन रीलोड करायचं. रीलोडमध्ये त्याचे जुने वर्कर हातातली कामं संपवूनच जातात, त्यामुळे काउंटरला काही कळत नाही. त्या सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा, तो यादीत परत घ्यायचा, मग दुसऱ्याचं तेच. डेटाबेसमध्ये आवृत्तीचा रकाना आधीच घातला होता, रिकामा चालेल असा, म्हणजे जुना प्रोग्रॅमही त्यावर अडखळणार नाही. हे सगळं भर दुपारी केलं. पितृपक्ष लागलेला आणि त्यात ‘२२ नंतर स्वस्त होणार’ हे सगळ्यांना कळलेलं, त्यामुळे दुकानात गर्दी नव्हतीच. सेल्समनना काळजी पडली होती, मला तेवढीच उसंत मिळाली.

आता तारखेबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा तिथेच आहे. नियम सर्व्हरमध्ये चढवण्याची वेळ आणि नियम लागू होण्याची वेळ एकच ठेवली तर बारा वाजता कोणीतरी बटणावर बोट ठेवून बसायला लागतं. त्याऐवजी नियमातच तारीख घातली, की तो दोन-तीन दिवस आधी निवांत चढवता येतो आणि मध्यरात्री कोणी काही करायचं राहत नाही. ड्रूल्समध्ये ‘या तारखेपासून लागू’ असा गुणधर्म नियमाला देता येतो. पण तो सेशनचं घड्याळ बघतो, म्हणजे आत्ता किती वाजलेत ते. आम्हाला हवी होती बिलाची तारीख. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेला शाम्पू २५ ला परत आला तर त्याची क्रेडिट नोट १८ टक्क्यांनीच निघायला हवी. घड्याळ बघणाऱ्या नियमानं ती ५ टक्क्यांनी काढली असती. म्हणून तो गुणधर्म बाजूला ठेवला आणि विक्रीची तारीख हीच नियमाची एक अट केली. जुना नियमही पुसला नाही, त्याला फक्त शेवटची तारीख दिली.

त्याच्याच जोडीला टाइमझोन. आमचे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपल्याकडे २२ तारखेची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीत २१ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारखेची तुलना आशिया/कोलकाता या झोनमध्ये केली नसती तर नवे दर पहाटे साडेपाचला लागू झाले असते, आणि मेडिकलची रात्रभरची बिलं चुकली असती. तुमच्याकडे दुकान रात्री बंद होत असेल तर हा घोळ कित्येक वर्षं लपूनही राहू शकतो, एकदा बघून घ्या.

तांत्रिक काम जितकं डोक्यात घोळत होतं, त्यापेक्षा जास्त वेळ एचएसएनच्या, म्हणजे करासाठी वस्तूंना दिलेल्या कोडच्या, याद्यांनी खाल्ला. परिषदेचं प्रसिद्धीपत्रक आलं होतं, पण आमच्या सीए मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, “प्रसिद्धीपत्रकावरून याद्या तयार करा, पण सही मी अधिसूचना आल्यावरच करणार.” त्यांचं बरोबर होतं. साबणाचंच बघा. ‘साबण ५ टक्के’ असं सगळीकडे फिरत होतं, पण ५ टक्के वडीच्या साबणाला, लिक्विड साबण १८ वरच. दोन्हींचा एचएसएन चार अंकांपर्यंत ३४०१ हाच. आमच्या मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, कित्येक वस्तूंना चारच अंक भरलेले. अण्णा, म्हणजे खरेदी विभागाचे प्रमुख, आणि तो नवा मुलगा गोडाऊनमध्ये वस्तू हातात घेऊन पूर्ण कोड तपासत बसले. तूप आणि लोणी १२ वरून ५, पाकीटबंद पनीर ५ वरून शून्य, शाळेच्या वह्या १२ वरून शून्य, बिस्किटं १८ वरून ५. कोल्ड्रिंकवर आधी २८ अधिक १२ टक्के सेस (उपकर) होता, आता सरळ ४०. ग्राहकाला फरक शून्य, पण रिपोर्टमध्ये सेसचा रकाना रिकामा व्हायला हवा. आणि पान मसाला, सिगारेट यांचे दर २२ तारखेला बदलणारच नव्हते, सेसमधून फेडायची सरकारी कर्जं फिटेपर्यंत ते जुन्या रचनेतच राहणार होते. एका यादीत सगळ्यांना एकच तारीख टाकायचा मोह होतो. प्रत्येक ओळीला तिची स्वतःची तारीख ठेवा.

हे नियम एक्सेलच्या डिसिजन टेबलमध्ये भरले, कारण सीए मॅडमना ते वाचता यायला हवे होते. वरच्या ओळींत अटी, खाली एकेक नियम. इंजिन प्रत्येक ओळीचा एक नियम बनवतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: अटीचा रकाना रिकामा राहिला तर ‘ही अट तपासू नको’ असा त्याचा अर्थ होतो. कोडचा रकाना रिकामा राहिलेली ओळ मग दुकानातल्या प्रत्येक वस्तूला लागू पडते. टेबल चढवण्याआधी रिकामे रकाने शोधणारी छोटी तपासणी लिहून ठेवली, तिनं दोन-तीनदा तरी दार अडवलं.

सगळ्यात मजेशीर अडचण कपड्यांची. आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ आणि पुढे १२ टक्के होते. आता मर्यादा २,५०० झाली, तिथपर्यंत ५ आणि पुढे १८. टेस्ट चालवायला घेतल्या तर एका शर्टाच्या बिलावर इंजिन परत यायलाच तयार नाही. शर्टाची किंमत करासकट २,८००. मॅडमच्या मते मर्यादा कर वगळलेल्या विक्रीमूल्यावर बघायची. ५ टक्के धरून कर वगळला तर मूल्य येतं २,६६६.६७, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून १८ लावा. १८ धरून वगळला तर २,३७२.८८, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून ५ लावा. एक नियम दुसऱ्याला उठवतो आणि दुसरा पहिल्याला. मी तासभर कोडमध्ये दोष शोधला, मग कागदावर आकडे मांडले तेव्हा उलगडलं. करासकट किंमत २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत असेल तर गणित गोलच फिरतं. जुन्या मर्यादेलाही अशी फट होती, पण १,०५० ते १,१२० एवढीच, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी तिच्यावर ठिगळ लावून ठेवलेलं.

हा प्रश्न आम्ही सोडवायचा नव्हता. तो अण्णा आणि मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी हसून विचारलं, “तुमच्या कॉम्प्युटरला पण चक्कर आली म्हणायची?” ठरलं असं, की त्या पट्ट्यात कुठल्याच कपड्याची अंतिम किंमत ठेवायची नाही. एक तर २,६२५ च्या आत आणायची नाही तर २,९५० च्या वर न्यायची. नियमात मात्र पट्टा ओळखणारी स्वतंत्र अट घातली: अशी किंमत आली तर कर ठरवू नको, बिल थांबवून सुपरवायझरला दाखव. सूट दिल्यावर किंमत त्या पट्ट्यात घसरू शकते, म्हणून ही तपासणी सवलतीच्या नियमांनंतर. ड्रूल्सवाल्यांसाठी: ‘नो-लूप’ इथे उपयोगाचा नाही, तो नियमाला स्वतःलाच पुन्हा उठवण्यापासून थांबवतो, दोन नियम एकमेकांना उठवत असतील तर नाही. आणि टेस्टमध्ये नियम जास्तीत जास्त किती वेळा चालू द्यायचे याची मर्यादा द्या, म्हणजे टेस्ट लटकत नाही, सरळ नापास होते.

किमतीचाही वेगळा विचार करावा लागला. एमआरपी करासकट असते. १०० अधिक १८ अशी ११८ ची वस्तू असेल आणि नुसता दर ५ केला तर बिल ११८ चंच निघतं, फक्त आतली मूळ किंमत १०० ची ११२.३८ होते. ग्राहकाला १०५ ला मिळायला हवी. म्हणजे दर आणि विक्रीची किंमत दोन्ही एकाच क्षणी बदलायला हव्यात. कंपन्यांच्या नव्या दरयाद्या ईमेलवर तुकड्यातुकड्यानं येत होत्या. ज्यांची आली नाही त्यांच्यासाठी मूळ किंमत तीच धरून नवी किंमत काढायची, असं मालकांनी लेखी दिलं. अशा निर्णयाचा लेखी कागद मागून घ्या. जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायला केंद्रानं ९ सप्टेंबरच्या सूचनेत ३१ डिसेंबरपर्यंत मुभा दिली होती, तेव्हा स्टिकरचा रोल मागवला. १८ तारखेला आलेल्या सुधारित सूचनेत ते ऐच्छिक झालं. रोल तोवर येऊन पडला होता.

काउंटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या एका विक्रेत्याचं. इंटरनेट गेलं तर काउंटर स्वतःकडच्या दराच्या फाइलवर बिल करतो, आणि त्या फाइलमध्ये दर एकच, तारीख नाहीच. बदल करून द्यायला त्यांनी काउंटरमागे दीड हजार मागितले, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी बदलायला जीएसटी भरायचा! वार्षिक देखभालीच्या करारात ‘कायद्यातील बदल’ येतात की नाही यावर ईमेलची बरीच देवाणघेवाण झाली. अखेर निम्म्यावर तडजोड झाली. करार करतानाच ते वाक्य बघून घ्या. ऑफलाइन असताना काउंटर स्वतःचं घड्याळ बघतो, म्हणून सगळ्या मशीनची घड्याळंही जुळवून घेतली. एक तर सात मिनिटं पुढे पळत होतं.

१७ सप्टेंबरला, बुधवारी, अधिसूचना आल्या. ९/२०२५-केंद्रीय कर (दर) ही मुख्य, २०१७ ची १/२०१७ तिनं मोडीत काढली. वाचताना एक लक्षात ठेवायचं: त्यातले दर केंद्राच्या वाट्याचे, म्हणजे निम्मे असतात. अडीच टक्क्यांची अनुसूची म्हणजे आपले ५, नऊची म्हणजे १८, वीसची म्हणजे ४०. मॅडमनी दोन दिवस बसून आमची यादी तिच्याशी ताडली आणि प्रत्येक पानावर सही केली.

दरम्यान नवे नियम सावलीसारखे चालत होते. दुकानात खरं बिल झालं की त्याची प्रत नव्या कंटेनरकडेही जायची, तारीख २२ सप्टेंबर समजून. उत्तर कोणाला दिसायचं नाही, फक्त फरक एका टेबलात साठायचा. अपेक्षित फरक वजा केले की उरलेले माझ्या टेबलावर. त्यात बरेचसे पैशांतले होते, केंद्र आणि राज्याचा हिस्सा वेगवेगळा पूर्णांकात आणला की एका पैशाची तफावत येते. पण चार अंकी कोडवर राहिलेल्या वस्तूही यातूनच पकडल्या. हाताने लिहिलेल्या टेस्टमध्ये त्या आल्याच नसत्या, कारण त्या आम्हाला आठवतच नव्हत्या.

घरपोच ऑर्डरींसाठी मॅडमनी केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १४ समजावलं. माल देणं, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला पडतात तो दर, असा ढोबळ हिशेब. २१ ला बिल करून २२ ला माल आणि पैसे दोन्ही झाले तर नवा दर. वाद नको म्हणून २२ ला पोचवायच्या ऑर्डरींची बिलं मध्यरात्रीनंतरच करायची ठरवली.

१९ तारखेला संध्याकाळी सह्यांचा कागद पूर्ण झाला आणि नवा कंटेनर दोन्ही सर्व्हरवर लावला. एकावर लागून दुसऱ्यावर लागेपर्यंत काही सेकंद गेले. त्या सेकंदांत एक सर्व्हर जुन्या आवृत्तीवर, एक नव्या. चिंता नव्हती, कारण २२ तारखेपर्यंत दोन्ही आवृत्त्यांची उत्तरं सारखीच. तारीख आत घातल्याचा हा मला न सुचलेला फायदा, सरांनी दाखवून दिला. मागे फिरायची तालीमही तेव्हाच केली: संदर्भ जुन्यावर नेला, बिलं बघितली, परत नव्यावर आणला.

२१ ला सर्वपित्री अमावास्या, रविवार. घरी दुपारी पानं वाढून संध्याकाळी ऑफिसात आले. टीव्हीवर पंतप्रधानांचं भाषण झालं, मग मालकांचा फोन, मग अण्णांचा. करण्यासारखं काही नव्हतं. तरी झोप येणार नव्हती म्हणून तिघं मेडिकलमध्येच जाऊन बसलो. बाराला दोन मिनिटं असताना गोळ्यांच्या एका पाकिटाचं बिल झालं, १२ टक्के. बारा वाजून गेल्यावर थोड्या वेळानं एक काका सलाइनचा सेट आणि औषधं न्यायला आले. औषधांना ५ टक्के. ताईंनी बिल मला दाखवलं, आवृत्तीचा क्रमांक तोच, तारीख बदललेली. काकांना दर बदलल्याचं ठाऊकही नसावं, ते घाईत होते.

सकाळी दुकानं उघडली तेव्हा गर्दी झाली ती वेगळ्या कारणानं. ‘टीव्हीत सांगितलंय, मग हे स्वस्त का नाही?’ लिक्विड साबणापासून बासमतीपर्यंत. कॅशियरना आदल्या दिवशी एक छापील पान दिलं होतं, काय बदललं आणि काय नाही त्याचं. सॉफ्टवेअरइतकंच ते पान कामाला आलं. रॅकवरचे जुने दर आणि बिलातले नवे दर यांचा मेळ लागायला दोन-तीन दिवस गेले, पण बिल कमी निघतंय म्हटल्यावर कोणी भांडत नाही. शाम्पू परत करायला खरंच एक बाई आल्या, क्रेडिट नोट १८ टक्क्यांनीच निघाली.

नंतर दिवाळीत सवलतीच्या योजना रोज बदलल्या, वसुबारसेची वेगळी, पाडव्याची वेगळी, आणि एकदाही सर्व्हर बंद केला नाही. तेव्हा एक नवी गोष्ट कळली. प्रत्येक नवा कंटेनर नवे क्लास (जावा कोडचे तुकडे) तयार करतो, ते मेटास्पेस नावाच्या मेमरीच्या कप्प्यात जाऊन बसतात. जुन्या कंटेनरचा संदर्भ कुठल्याही कॅशमध्ये किंवा थ्रेडमध्ये अडकलेला असेल तर ते क्लास सुटत नाहीत आणि मेमरी हळूहळू चढत राहते. आलेख रोज बघायची सवय लावा, आणि मेटास्पेसला कमाल मर्यादा घालून ठेवा.

सर्व्हरचं भाडं, काउंटरचा बदल, स्टिकर आणि रात्रीचा चहा-वडापाव धरून खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. दुसरा सर्व्हर मालकांनी काढू दिला नाही, तो आता कायमचा आहे.

पान मसाला आणि सिगारेटच्या राहिलेल्या ओळी १ फेब्रुवारी २०२६ पासून ४० टक्क्यांवर गेल्या. मॅडमची सही आली, त्या नव्या मुलानं टेबलात नव्या ओळी घातल्या, सावलीत दिवसभर चालवून बघितल्या आणि दुपारी चार वाजता चढवल्या. मी रजेवर होते.